इन्क्विझिशन घ्यावा का डॉग्मा? एकाच गेमचे पैसे असतील तर

मावसभाऊ परभणीला असतो, बारावी झालीय, सेलमध्ये एकच गेम घ्यायचे पैसे जमलेत अन् आठ दिवसांपासून फोनवर एकच रट लावलीय, दादा इन्क्विझिशन घेऊ का डॉग्मा. अर्धा तास समजावून सांगितलं तरी गाडी तिथंच, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं, बाकीच्यांच्याबी कामाला येईल.

दोन्हीकडं चार जणांची टोळी घेऊन फिरायचं, तलवारी, जादू, ड्रॅगन, लांबून बघितलं तर सगळं सारखंच. ड्रॅगन एज: इन्क्विझिशन हा बायोवेअर कंपनीचा, २०१४ चा, त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर यालाच मिळालं, अन् गंमत म्हणजे तेव्हा बायोवेअरची मालक कंपनी ईएनं इथल्या कायद्यांचं कारण देऊन तो भारतात काढलाच नव्हता. ड्रॅगन्स डॉग्मा कॅपकॉम कंपनीचा, मूळ गेम २०१२ चा, वाढवलेला डार्क अरायझन २०१३ चा, पण पीसीवर यायला २०१६ उजाडलं.

आता खरा फरक. इन्क्विझिशनमध्ये तुमच्या सोबतची माणसं ही माणसं आहेत. एकूण नऊ सोबती, त्यातले तीन बरोबर न्यायचे, अन् हे लोक रस्त्यानं चालता चालता आपसात बोलतात, टोमणे मारतात, तुम्ही घेतलेला निर्णय पटला नाही तर तोंड फिरवतात, काही जण तर सोडूनसुद्धा जाऊ शकतात. कॅसांड्रा म्हणून एक बाई आहे, दिवसभर सगळ्यांवर खेकसणारी, अन् तीच गुपचूप व्हॅरिक नावाच्या दुसऱ्या सोबत्यानं लिहिलेल्या प्रेमकथा वाचत बसते, ते उघडं पडतं तेव्हा मी रात्री एक वाजता एकटाच हसायलो होतो, आईनं उठून विचारलं काय झालं रे.

डॉग्मात असलं काहीच नाही. तिथं सोबत असतात ते पॉन, म्हणजे घडवलेले सोबती, लढताना ते आपापलेच लढतात. एक तुम्ही स्वतः घडवायचा, नाक-डोळ्यापासून उंची-वजनापर्यंत, बाकी दोन दुसऱ्या खेळाडूंनी घडवलेले भाड्यानं आणायचे. भाड्याचे पॉन तुमच्यासोबत लेव्हलनं वाढत नाहीत म्हणून सारखे बदलावे लागतात, जीव लावायचा प्रश्नच नाही. अन् बडबड! लांडगे कळपानं येतात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता गल्लीतली कुत्री दिसली तरी आठवतं. पण एक गोष्ट लई भारी, तुमचा पॉनसुद्धा दुसऱ्याच्या गेममध्ये जाऊन येतो, तुम्ही सराईत मुक्काम केला की लग्नाहून परतल्यासारखा आहेर घेऊन दारात हजर, कधी चांगली वस्तू, कधी कुणीतरी मुद्दाम दिलेलं सडकं मांस. अन् ज्या राक्षसाशी तो तिकडं लढून आला, त्याचा वीक पॉइंट तुम्हाला इकडं सांगतो.

लढाईत मात्र डॉग्माच्या जवळपास इन्क्विझिशन फिरकत नाही, माझं मत आहे, भांडायचं तर भांडा. कायमेरा घ्या, पुढं सिंह, पाठीवर बकरीचं मुंडकं, शेपटीला साप. आधी मागून चढून सापाचं काम उरकायचं, मग मंत्र टाकणारी बकरी, सिंह शेवटी, अन् हे सगळं त्याच्या अंगावर केसांना लोंबकळत, स्टॅमिना संपायच्या आत. इन्क्विझिशनमध्ये बटण दाबून धरायचं अन् आठ अॅबिलिटी आळीपाळीनं मारत राहायचं. पॉज करून वरून बघत एकेकाला हुकूम देता येतो हे खरं, पण तो टॅक्टिकल कॅमेरा पुरेसा वर जातच नाही, अन् सोबत्यांना नेमकं कधी काय करायचं हे याच मालिकेतल्या आधीच्या ओरिजिन्स या गेममध्ये जसं बारीक ठरवता यायचं तसं इथं येत नाही. ड्रॅगनची लढाई तेवढी मस्त.

फिरायचं म्हणाल तर इन्क्विझिशनचे नकाशे लई मोठे अन् देखणे, पण निम्मं काम हमालीचं. एल्फरूट नावाची औषधी वनस्पती दिसली की वाक, तोड, पुढं चल, कापूस वेचायला बोलावलंय का काय असं वाटतं. नवीन माणसाला एकच सल्ला, पहिला भाग हिंटरलँड्स, तो पूर्ण संपवायच्या नादी लागू नको, कथा पुढं सरकली की तिथून नीघ, नंतर परत जाता येतं. डॉग्माची दुनिया लहान, तेच ते रस्ते पायी तुडवायचे, कथा तर मधे दहा-पंधरा तास कुठं गायबच होते, पण रात्र झाली की खरोखर अंधार पडतो, कंदिलाचं तेल बघत चालावं लागतं, अन् खोल पाण्यात पाय घातला की कंदील विझलाच. असली भीती मला इन्क्विझिशनमध्ये एकदाबी वाटली नाही.

आता आपल्याकडचा मुद्दा, लाईट. डॉग्मात ग्रिफिनचे, म्हणजे गरुडाच्या तोंडाच्या उडत्या राक्षसाचे, पंख जाळून त्याला खाली पाडला होता, मी पाठीवर, दोन घाव राहिले होते, अन् गेली! इन्व्हर्टरवर घरात पंखा अन् ट्यूब चालते, पीसी नाही. डॉग्मात सेव्ह कुठंबी करता येतं पण जागा एकच, चुकीच्या वेळी केलं की बसा बोंबलत. इन्क्विझिशनमध्ये हव्या तेवढ्या सेव्ह ठेवा, फक्त लढाई चालू असताना करता येत नाही.

इंग्रजीचं पण बघा. इन्क्विझिशनमध्ये वाचायला अन् ऐकायला ढीगभर आहे, ते सोडून दिलं तर गेमचा जीवच गेला. डॉग्मातली भाषा जुन्या वळणाची, वाकडीतिकडी, पण नाही कळली तरी राक्षस मरतो. डॉग्मा जुन्या पीसीवर जास्त आरामात चालतो, हे आमच्या भावासाठी महत्त्वाचं, त्याचं मशीन काकाच्या दुकानातून उतरलेलं आहे.

तर पोरा, तुला गप्पा मारणारी माणसं पाहिजे असतील अन् सत्तर-ऐंशी तास द्यायची तयारी असेल तर इन्क्विझिशन घे, पण तू कथेचे सीन स्किप करतोस हे मला माहीत आहे, म्हणून तुला डॉग्मा. घेतलास की माझा पॉन भाड्यानं ने, उंच बाई आहे, पांढरे केस, जादूवाली, नाव आक्का. परत पाठवताना सडकं मांस देऊ नको.