शिट्टी गेली, स्पीकर वाचले
गाडीला रेस दिली की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, इंजिनाबरोबर चढत जाणारी. आधीच्या दुकानात थेट चारही स्पीकर बदला म्हणाले. नाशिकला सातपूरच्या या छोट्या गॅरेजातल्या दादांनी आधी अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) आरसीए केबल, म्हणजे स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या वायरी, काढल्या. शिट्टी थांबली, म्हणजे स्पीकरचा दोष नाही! अ‍ॅम्पची अर्थ वायर चक्क रंगावर कसलेली होती, त्यामुळे पत्र्याशी नीट जोडच नव्हता. त्यांनी रंग घासून ती उघड्या पत्र्यावर घट्ट बसवली, आरसीए केबल बॅटरीच्या वायरपासून लांब, दुसऱ्या बाजूने नेली. मागचा डावा स्पीकर मात्र खरंच गेलेला. चार ओहमचा, पण मल्टिमीटरवर रीडिंगच नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. तेवढा एकच बदलला, जुना मला दाखवून. असा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. शनिवारी गर्दी असते, सकाळीच जा.