घरी बसवलेला बाहेरचा रेडिएटर: उन्हाळा, पावसाळा आणि एक टाकाऊ ड्रेन प्लग

निकाल आधीच सांगतो. गाडीचा नवा रेडिएटर (इंजिन गार ठेवणारी जाळी) चांगला आहे, त्याचा ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी खाली सोडायचं बूच, टाकाऊ आहे. पैसे वाचले, पण प्लगवरचा राग काही जात नाही, त्यामुळे पुढे तो वाजवीपेक्षा जास्त वेळा येईल. ज्यांना फक्त घ्यावा की नाही एवढंच हवंय त्यांनी घ्या, पण काउंटरवरच प्लग काढून बघा.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. (ऑटोमॅटिकवाल्यांनी जरा थांबा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचे पाईपही रेडिएटरमधून जातात, ते काम वेगळं.) एप्रिलमध्ये पुण्यात नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला. इंजिन निवल्यावर बघितलं तर वरचा होज पाईप (रबरी नळी) बसतो त्या रेडिएटरच्या तोंडाशी केसाएवढी चीर, आणि तिच्याभोवती वाळलेल्या कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) पांढरट-हिरवा थर. म्हणजे गळती त्या दिवसाची नव्हतीच. ॲल्युमिनियमची जाळी धडधाकट होती. फुटते ती तिच्या टोकाला दाबून बसवलेली प्लॅस्टिकची टाकी. वर्षानुवर्षं तापून-निवून ती तपकिरी पडते, ठिसूळ होते.

"एमसील लाव की," तळमजल्यावरचे काका म्हणाले. पण आत दाब असतो, माझ्या रेडिएटरच्या झाकणावर 0.9 बार लिहिलंय. ठिसूळ प्लॅस्टिकवर एमसील किती धरणार? आणि चिरेतून तो दाबच निघून गेला की सगळं गणित बिघडतं. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं साधं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. बंद झाकणाखाली कूलंट त्याच्या बरंच पुढे तग धरतं ते दाबाच्या जोरावर.

सर्व्हिस सेंटरने 11,400 सांगितले. त्यात 'कूलिंग सिस्टिम केअर' अशी एक ओळ होती. केअर म्हणजे नक्की काय करणार, असं विचारलं तर "सर, ते पॅकेजमध्येच येतं." तिथेच ठरलं. नाना पेठेत बाहेरच्या कंपनीचा रेडिएटर 3,600 ला मिळाला. कूलंट आणि बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर धरून साडेचार हजारांच्या आत काम. नळाचं पाणी घालणाऱ्यांना माझा नमस्कार. आमच्या सोसायटीत टँकर येतो आणि त्या पाण्याने किटलीला आतून जो पांढरा थर चढतो तो मला इंजिनात नको होता.

काम अवघड नाही, चिकट आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, गार इंजिनातलं कूलंट टबमध्ये सोडायचं, पंख्याचं कनेक्टर, वरच्या पट्ट्यांचे 10 नंबरचे बोल्ट. खरा वेळ खातात ते होज पाईप. स्प्रिंगची क्लिप पकडीने मागे सरकवली तरी रबर तोंडाला चिकटून बसलेलं असतं. तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसायचा नाही, पाईप मुठीत धरून पिळायचा. हळूहळू 'टच्च' आवाज येतो आणि सुटतो. रेडिएटर वर उचलण्याआधी त्याच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या (पुढच्या दुसऱ्या जाळीच्या) मध्ये खोक्याचा पुठ्ठा सरकवा, नाहीतर पात्या वाकतात. खालच्या खुंट्यांची रबरी बुशं नव्या खोक्यात नव्हती, जुन्याचीच काढून घातली. टबमधलं कूलंट लगेच झाकण असलेल्या कॅनमध्ये भरलं. ते चवीला गोड असतं आणि विषारी, आणि आमच्या पार्किंगमध्ये मांजरं भरपूर.

भरताना घाई नको. हीटर फुल गरमवर, रेडिएटरचं झाकण गार असतानाच काढून ठेवलेलं, इंजिन आयडलवर, आणि अधूनमधून वरचा पाईप दाबत राहायचं. बुडबुडे थांबून पंखा सुरू होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आली तर हीटरमध्ये हवा अडकलीय असं समजा.

आता प्लग. जुन्या रेडिएटरच्या प्लगला जाड कान होते, दोन बोटांत फिरायचा. नव्याचे कान पापडासारखे, आणि ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) इतकी बारीक की खाचेत आहे की नाही तेच कळेना. हाताने बसवला तर थेंब थेंब गळतो, पकडीने आवळावा तर कान तुटण्याची भीती. 3,600 च्या मालात या तुकड्यावर कंपनीने किती वाचवले असतील? सकाळी ऑफिसला निघताना गाडीखाली वाकून बघायचं माझं व्यसन तेव्हापासूनचं. सेक्रेटरी काकांनी एकदा विचारलंच, "अहो, रोज काय शोधता?"

जूनपर्यंत माझं मत होतं की मालच भिकार. ते मी बदललं. भर पावसाळ्यात साताऱ्याला जाताना चार माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून खंबाटकी चढलो, ट्रकमागे रांगत. काटा मधल्या रेषेवरून हलला नाही. नंतर ऑक्टोबरच्या उन्हात सिंहगड रोडच्या रोजच्या कोंडीतही तेच. जाळी जुन्याइतकीच दाट आहे, टाकीच्या शिवणीला कुठे ओल नाही, रिझर्व्ह बाटलीतली पातळी जागेवर. गळत होतं ते फक्त प्लगमधून.

त्याच दुकानात परत गेलो.

"प्लग सुटा नाही येत साहेब, अख्खा रेडिएटर घ्यावा लागेल."

"थेंबभर गळतीसाठी?"

"सगळ्यांचं थोडं गळतंच. नंतर बसतं."

नंतर बसलं नाही. बसवलं ते जुन्या रेडिएटरने. तो मी भंगारात दिला नव्हता, कारण भंगारवाला प्लॅस्टिकच्या टाक्या तोडून फक्त ॲल्युमिनियमचा भाव द्यायला निघाला होता आणि तोडायचं काम वर मीच करायचं होतं. बायकोने बाल्कनीतल्या त्या धुडावरून बरंच ऐकवलं. पण त्याचा प्लग काढून नव्याला लावून पाहिला तर आटे तंतोतंत जुळले. गाडीखालचा पुठ्ठा तेव्हापासून कोरडा आहे. भंगारवाल्याला आता बोलवायला हरकत नाही, पण आधी दुसरी ओ-रिंगही काढून ठेवणार.

दुकानात काउंटरवर प्लग दोनदा उघड-बंद करून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आणि पुढच्या वेळी कूलंट बदलताना मी त्या प्लगला हातच लावणार नाही, सरळ खालचा होज पाईप काढीन. टब मात्र मोठा लागेल.