‘दिवेर्तीर्से’ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्पॅनिशमधील ‘दिवेर्तीर्से’ हे क्रियापद मी गेले आठ महिने, मेक्सिको सिटीतील एका बाईंशी आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर बोलताना, वापरत आले आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘मजा करणे’ असा सरळ दिलेला असतो. पहिले दोन महिने मात्र या क्रियापदाने मला मजा करू दिली नाही.

अडचणीचे मूळ आपल्या मराठीतच आहे. ‘मला मजा आली’ या वाक्यात मजा हीच कर्ता असते आणि आपण ‘ला’ प्रत्यय लावून बाजूला बसलेले असतो. त्या सवयीने मी स्वतःबद्दल बोलताना ‘मे दिव्येर्ते’ म्हणत असे. पंचाईत अशी, की हे वाक्य व्याकरणाने चुकीचे नाही; त्याचा अर्थ ‘मला त्याची गंमत वाटते’ असा होतो, त्यामुळे बाईंनाही माझी चूक बरेच दिवस लक्षात आली नाही. मला म्हणायचे होते ते ‘मे दिव्येर्तो’, म्हणजे मी स्वतःला रमवते. त्यातील ‘मे’ गाळला, तर मी दुसऱ्या कोणाला तरी रमवते आहे असे होते. ‘मजा येणे’ सोडून ‘रमणे’ मनाशी धरले, तेव्हा कुठे हा घोटाळा थांबला.

रूपे वाटतात तितकी लहरी नाहीत. धातूतील ‘ए’वर आघात आला की त्याचा ‘ये’ होतो : दिव्येर्तो, दिव्येर्तेस, दिव्येर्ते, दिव्येर्तेन. ‘नोस दिवेर्तीमोस’मध्ये (आम्ही रमतो) आघात पुढे सरकतो, म्हणून ‘ए’ तसाच राहतो. हे कारण तिसऱ्या महिन्यात कळले. तोवर मी पाढे घोकत होते. भूतकाळात ‘से दिविर्त्यो’मधला (तो किंवा ती रमली) ‘वि’ अजूनही बोलण्याच्या ओघात निसटतो. उच्चाराचा त्रास विशेष नाही, कारण दंत्य ‘द’ आणि ‘त’ आपल्याला घरूनच मिळालेले आहेत.

रोजच्या गप्पांत बाई ‘पासारला ब्येन’ (वेळ मजेत घालवणे) हा वाक्प्रयोगही करतात (स्पेनमध्ये ‘पासारलो’), परंतु कोणी फिरायला निघाले की ‘के ते दिव्येर्तास’ (मजा कर, अशी सदिच्छा) हेच ऐकू येते. हे संशयार्थी (इच्छा किंवा शंका दाखवणारे) रूप मी नियम न शिकता आयतेच उचलले. बाई वयाने मोठ्या असल्याने मी मात्र त्यांना आदराने ‘के से दिव्येर्ता’ म्हणते, आणि त्या दर वेळी हसून मला ‘से’ऐवजी अरेतुरेचे ‘ते’ म्हणायला सांगतात.