सुशी किट: अकरा वस्तू, हाताशी राहिल्या तीन

सात महिन्यांपूर्वी मी घरी सुशी करण्यासाठी एक किट मागवलं. डब्यात अकरा वस्तू होत्या: बांबूची चटई, भात कालवायचं बांबूचं चपटं उलथनं, भात पसरायची पट्टी, प्लॅस्टिकची ‘बझूका’ नळी, निगिरीचा (भाताचा गोळा आणि वर माशाचा काप) साचा, सुरी, चॉपस्टिक्स, सोया सॉससाठी बुटक्या वाट्या, दहा नोरींचं (रोल गुंडाळायच्या समुद्री शेवाळाच्या कागदांचं) पाकीट, व्हिनेगरची बाटली आणि एक पुस्तिका. त्यातली चटई (आता तिच्या जागी घेतलेली दुसरी), उलथनं आणि वाट्या आज माझ्या ओट्यावर आहेत. नोरी आणि व्हिनेगर संपलं. बाकीचं सगळं डब्यात घालून माळ्यावर टाकलं. माझ्याकडून पाचपैकी अडीच तारे, आणि त्यातले दोन चटईचे.

किट मागवायचं कारण आधी सांगते, कारण तीच माझी मोजपट्टी आहे. ऑफिसच्या कामासाठी मी नऊ दिवस जपानमधल्या ओसाकाला होते. तिथे एका संध्याकाळी उभ्याउभ्या खायच्या एका छोट्या दुकानात शिरले. काउंटरपलीकडच्या आजोबांनी दोन बोटांनी भाताचा गोळा दाबला, वर माशाचा काप ठेवला आणि माझ्यासमोर ठेवून हातानेच खा अशी खूण केली. तोंडात टाकला आणि मी चकित झाले, ती माशाने नाही. भात कोमट होता! तोवर मी खाल्लेली सगळी सुशी फ्रिजमधून निघालेली, गार, घट्ट. हा गोळा हातात धरला तेव्हा शाबूत होता, आणि जिभेवर ठेवताच सुटला, दाणा न् दाणा वेगळा कळला. नंतर समजलं की जपानी कारागीर भात माणसाच्या अंगाइतका ऊबदार ठेवतात आणि त्या उबेला त्यांच्याकडे ‘हितोहादा’, म्हणजे माणसाची त्वचा, असाच शब्द आहे.

सुशी म्हणजे कच्चा मासा असं बरेच जण धरून चालतात. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात. सुशी हा शब्द मुळात ‘आंबट’ या अर्थाचा, आणि तो आंबटपणा भाताचा. सुरुवातीला मासा टिकवायला तो मिठासह भातात महिनोन् महिने दाबून ठेवत, भात आंबे आणि मासा टिके. बिवा सरोवराच्या काठी, शिगा प्रांतात, फुनाझुशी नावाची सुशी आजही तशीच करतात. पुढे आंबवण्याची वाट न पाहता भातात थेट व्हिनेगर घालायला लागले. हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन यांनी १८०४ साली साके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यापासून व्हिनेगर करायला सुरुवात केली. ते एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाऊ लागलं. तिथे १८२० च्या दशकात हातावर वळलेली निगिरी लोकप्रिय झाली. हानाया योहेइ यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. रस्त्याकडेला उभ्याने खायचा तो झटपट पदार्थ होता. थोडक्यात, माझ्या लेखी सुशीचं कुठलंही साधन भाताला काय करतं यावरच जोखायचं.

त्या हिशेबाने बझूका सपशेल नापास. ही उभी चिरलेली नळी. दोन्ही अर्ध्यांत भात भरायचा, दांड्याने मधे खाच पाडायची, खाचेत काकडी वगैरे ठेवायची, नळी मिटवायची आणि मागचा दट्ट्या ढकलायचा. जाहिरातीत अख्खा रोल मेणबत्तीसारखा गुळगुळीत बाहेर येतो. माझाही आला. पण नळीतून सरकायला भात आधी आतल्या आत दाबला जावा लागतो. मी काप आडवा धरून पाहिला तर दाणे चिरडून एकमेकांत मिसळले होते. मधे पोकळीच उरली नव्हती, सगळा लगदा. चघळावा लागला. ओसाकाच्या त्या घासात दाण्यांमधे हवा होती आणि ती हवाच ही नळी काढून टाकते. धुणं हा आणखी एक ताप: दट्ट्याच्या आट्यांत अडकलेला भात मी टूथपिकने काढत बसले होते. निगिरीच्या साच्याचंही तेच. कापांचा आकार सुरेख, भात दगड.

चटईवर मात्र माझा जीव आहे. तिला जपानीत माकिसु म्हणतात. हिच्या काड्या एका बाजूने चपट्या, हिरवट, गुळगुळीत आहेत, तर दुसऱ्या बाजूने गोल. चपटी बाजू वर ठेवायची आणि दोऱ्याच्या गाठी असलेली कड आपल्यापासून लांब. म्हणजे गुंडाळताना दोऱ्याची टोकं भातात जात नाहीत. पुस्तिकेत यातलं काहीच नव्हतं; माझे पहिले दोन रोल गाठींसकट वळले गेले. नोरी खरखरीत बाजू वर करून ठेवायची. पूर्ण नोरी साधारण २१ बाय १९ सेंटिमीटर असते. बारीक रोलला अर्धी पुरते आणि तिच्यावर साधारण ८० ग्रॅम भात. पलीकडे एक सेंटिमीटर पट्टी कोरी. आता अंगठ्याने चटई उचलायची, बाकीच्या बोटांनी सारण आत धरायचं आणि भाताची जवळची कड पलीकडच्या कडेवर एका दमात टेकवायची. मग चटईवरून बोटं हलकी आवळायची. किती आवळायचं हे बोटांनाच कळतं. भात ‘हं, पुरे’ म्हणतो ती जागा चटईतून जाणवते. नळीतून ती जाणवायला वावच नाही.

चटई धुतली की उभी करून, वारा लागेल अशी वाळवायची. एकदा मी ओलीच खणात ठेवली आणि चौथ्या दिवशी दोऱ्यांवर काळे ठिपके आले. ती टाकून द्यावी लागली. दुसरी सुटीच मिळाली, नवं किट घ्यावं लागलं नाही.

उलथनं चांगलं आहे. रुंद, पातळ कडेचं, भात न मोडता उलटतं.

व्हिनेगरच्या बाटलीने मात्र पहिला दिवस वाया घालवला आणि त्यात चूक पूर्णपणे किटवाल्यांची आहे. बाटलीतलं व्हिनेगर साखर-मीठ घालून तयार केलेलं होतं. पुस्तिका सांगत होती, ‘व्हिनेगरमध्ये साखर आणि मीठ विरघळवा.’ मी तसं केलं. भात इतका गोड झाला की लेकीने एक घास घेऊन विचारलं, “आई, ही मिठाई आहे का?” सगळा भात गेला. मी विक्रेत्याला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं की पुस्तिका सगळ्या किटला एकच असते. नवख्या माणसाच्या हातात एवढीच एक पुस्तिका असते, ती तरी धड छापायला हवी होती.

माझा भात आता असा असतो. तांदूळ आखूड दाण्याचा जपानी जातीचाच हवा. लांब दाण्याचा मोकळा होतो, धरून राहत नाही. ३०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १८० मिलिलिटरच्या जपानी मापाने दोन मापं, पाणी जवळजवळ निवळ येईपर्यंत हलक्या हाताने धुवायचे. चाळणीत निथळून ३६० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवायचे. झाकण न उघडता शिजवायचे आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं वाफेत मुरू द्यायचे. तोवर चार टेबलस्पून साधं तांदळाचं व्हिनेगर, दोन टेबलस्पून साखर, एक टीस्पून मीठ मंद आचेवर विरघळवायचं, उकळायचं नाही. भात गरम असतानाच पसरट भांड्यात काढून हे मिश्रण उलथन्यावरून फिरवत ओतायचं आणि उलथन्याची कड उभी धरून भात कापल्यासारखा उलटायचा. ढवळलात की चिकट गोळा होतो. जपानमध्ये यासाठी लाकडाचं पसरट भांडं, हांगिरी, वापरतात. लाकूड जास्तीचं पाणी शोषून घेतं. मी काचेचा मोठा ट्रे वापरते आणि लेक पुठ्ठ्याने वारा घालते. वाऱ्याने वरचं पाणी उडतं आणि दाण्यांना चकाकी येते. ती चकाकी येताना बघायला आम्हा दोघींना फार आवडतं. मग वर ओलं फडकं. फ्रिज अजिबात नाही, कारण गारव्यात स्टार्च घट्ट होतो आणि भात खडखडीत. केला त्या वेळीच खायचा, उरवायचा नाही.

नोरी बरी होती, उत्तम नव्हती. उजेडासमोर धरली तर भोकं दिसत होती, आणि पाकीट एकदा फोडलं की दुसऱ्या दिवशी कागद मऊ. दोन्ही बाजूंनी आचेवरून झटकन फिरवली की पुन्हा कुरकुरीत होते आणि काळपट रंगावर हिरवी झाक येते. आता मी वेगळी, चांगली नोरी आणते आणि हवाबंद डब्यात ठेवते. या कागदामागची एक गोष्ट मला खूप भावते. जपानी मच्छीमार शतकानुशतकं नोरीची शेती करत होते, पण तिचं बी कुठून येतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. पीक येईल की बुडेल हा नशिबाचा भाग. कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९४९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की नोरीच्या जातीचं शेवाळ आयुष्याचा एक टप्पा शिंपल्यांच्या आत, अगदी वेगळ्या रूपात काढतं. त्यावरून जपानमध्ये बी तयार करायची पद्धत बसली. त्या स्वतः कधी जपानला गेल्या नाहीत. कुमामोतोतल्या उतो इथे दर १४ एप्रिलला लोक त्यांच्या स्मारकापाशी जमतात. नोरीचं पाकीट फोडताना त्यांची आठवण येते.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार. पुस्तिकेत निगिरीच्या पानावर एवढंच आहे: ‘ताजा मासा आणून पातळ काप करा.’ हे धोक्याचं आहे. ताज्या माशातही परजीवी असू शकतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार कच्चे खायचे बहुतेक मासे उणे २० अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली ७ दिवस, नाहीतर उणे ३५ ला गोठवून १५ तास ठेवावे लागतात. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ पर्यंत जातो. शिवाय गोठवल्याने परजीवी मरतात, जिवाणू सगळे मरत नाहीत. पाकिटावरच्या ‘सुशी ग्रेड’ या शब्दांना अमेरिकेत कायद्याने ठरवलेला अर्थही नाही. म्हणून खात्रीचा, कच्चा खाण्यासाठीच नीट गोठवलेला मासा देणारा माहीतगार विक्रेता नसेल तर घरी कच्चं करू नका. मी करत नाही. उकडलेली कोळंबी, काकडी, अव्होकाडो, गोड-खारट सॉसमध्ये शिजवलेली शिटाके अळंबी आणि थर देत गुंडाळलेलं अंड्याचं ऑम्लेट, तामागोयाकी, एवढ्यावर आमचं मस्त भागतं. काकडीचा बारीक रोल, काप्पामाकी, हा जपानमध्येही रोजचाच आणि भात जमलाय की नाही हे त्यात लगेच कळतं.

सुरीबद्दल दोन वाक्यं. धार नाही. घरची धारदार सुरी ओल्या फडक्याने पुसत, प्रत्येक कापाला एकच लांब ओढ देत रोलचे सहा तुकडे करा.

खरं सांगायचं तर गेल्या तीन महिन्यांत मी चटईसुद्धा रोज काढत नाही. तिच्याशिवाय होणारे पदार्थच जास्त होतात. ओसाकाची जुनी पद्धत लाकडी पेटीत दाबलेल्या सुशीची. मी केकच्या लांबट भांड्यात प्लॅस्टिकची फिल्म अंथरून तळाशी कोळंबी आणि काकडीच्या चकत्या मांडते, वर भात, वरून हलका दाब, आणि उलटून काप. दाबलेली असूनही ही मला आवडते, कारण दाब एकसारखा, एकदाच आणि हाताने दिलेला असतो. पाहुणे असले की तेमारी: फिल्मवर सारणाचा काप, त्यावर लिंबाएवढा भात, पुरचुंडी पिळली की चेंडू तयार. घाई असेल तर चिराशी, म्हणजे भातावर सगळं पसरून वाडग्यातच खायचं. २०२० मध्ये फिलिपिन्समध्ये गाजलेली भाजलेली सुशी, भातावर कोळंबी-मेयोनीजचा थर देऊन ओव्हनमध्ये, तीही करून पाहिली. चवीला छान, पण भाताचा आंबटपणा मेयोनीजखाली हरवतो. पुन्हा केली नाही.

तेव्हा किट घेऊ नका. चटई, उलथनं, चांगली नोरी आणि साधं तांदळाचं व्हिनेगर सुटं घ्या, उरलेल्या पैशांत तांदूळ चांगला आणा. बुटक्या वाट्या घरात असतातच. निगिरी केलीत तर उलटी धरून वरच्या सारणाचीच कड सॉसला लावा. भात बुडवला की सुटतो आणि खारट होतो.

काल रात्री तेमाकी केली. यात प्रत्येकाने आपापल्या हातावर अर्धी नोरी घ्यायची, कोपऱ्यात चमचाभर भात, सारण, आणि शंकू वळून ताबडतोब खायचा. लेकीने स्वतःचा वळला, भात मोजकाच घेतला होता, दाबला नव्हता. ती दुसरा वळेपर्यंत मी माझा हातात धरून तिला तामागोयाकीबद्दल काहीतरी सांगत होते. ती म्हणाली, “आई, बोलू नकोस ना आता, तुझी नोरी मऊ पडेल.”