आरमधलं ‘सर्व्हे’ पॅकेज: पाहणीचे आकडे हाताळणाऱ्यांसाठी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या किंवा राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फाइली घेऊन एम.ए., पीएच.डी. करत असाल, तर आर या आकडेमोडीच्या संगणक-भाषेतलं ‘सर्व्हे’ हे पॅकेज (तयार आज्ञांचा संच) आधी बसवून घ्या. मी सातारा जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थी आता यावरच काम करतात आणि त्यांनी दुसरं काही वापरावं असं मला वाटत नाही. ऑकलंड विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ थॉमस लम्ली यांनी हे लिहिलं. आर ही भाषाही त्याच विद्यापीठातली. दोन्हींना एक पैसा पडत नाही.

पाहणीतली घरं देशभरातून सुटी सुटी उचललेली नसतात. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरांची माहिती घेतली, ती आधी गावं आणि शहरी गट निवडून, मग त्या प्रत्येकातली २२ घरं निवडून. एकाच गावातल्या घरांमध्ये लग्नाचं वय, शिक्षण, पाण्याची सोय पुष्कळदा सारखीच असते. त्यांना २२ स्वतंत्र नोंदी धरलं की प्रमाण त्रुटी (अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो त्याचं माप) उगाच लहान दिसते आणि दोन जिल्ह्यांत नसलेला फरक ‘सिग्निफिकंट’, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नाही असा, ठरतो. अशा तक्त्यांवर उभे असलेले प्रबंध मी वाचले आहेत, आणि वाईट वाटतं, कारण पोरांनी कष्ट खरे केलेले असतात. ‘सर्व्हे’मध्ये गट (निवडलेली गावं आणि शहरी भाग), स्तर (निवडीआधी पाडलेले विभाग) आणि भारांक (एक नोंद किती जणांच्या वतीने धरायची तो आकडा) एकदाच सांगायचे; पुढची प्रत्येक सरासरी, प्रत्येक रिग्रेशन तो आराखडा धरून निघते. स्तरित नमुन्यांच्या सिद्धान्तावर १९३०च्या दशकात लंडनमध्ये काम केलेले पां. वा. सुखात्मे आमच्याच जिल्ह्यातल्या बुधचे. वर्गात स्तर शिकवताना हे मी आवर्जून सांगते.

पॅकेज हाती आल्यावर पहिलं काम म्हणजे छापील आकडा स्वतः काढून बघणं. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या २१.९ टक्के, असं पाचव्या फेरीचा अहवाल सांगतो. भारांकाला दहा लाखांनी भागा (फाइलीत तो तितक्या पटीने वाढवून दिलेला असतो) आणि डिझाइन, म्हणजे वर सांगितलेला आराखडा, बांधा. राज्य आधीच कापून घेतलं तरी चालतं, कारण स्तर राज्याच्या आतलेच असतात. वयोगट मात्र डिझाइन बांधल्यावरच कापायचा. आता खरी मेख. अविवाहित मुलींच्या बाबतीत लग्नाच्या वयाचा रकाना रिकामा असतो. रिकाम्या नोंदी गाळा असं सांगितलंत की या मुली छेदातूनच जातात आणि टक्केवारी भलतीच फुगते. हे पॅकेज तुमच्या वतीने ओळखणार नाही; त्या मुलींना ‘नाही’मध्ये धरायचं तुम्हीच. अहवालाशी आकडा जुळला की मगच प्रबंधाच्या विषयाला हात घालावा.

अडचणीही आहेत. एखाद्या स्तरात एकच गट उरला की मूळ सेटिंगमध्ये गणित तिथेच थांबतं. नमुना पाहणीच्या फाइलींत हे होतं, आणि नवख्या मुलाला पडद्यावर येणाऱ्या चुकीच्या सूचनेच्या लाल ओळीचा अर्थ लागत नाही. ‘लोन्ली पीएसयू’चा (एकट्या उरलेल्या गटाचा) पर्याय ‘अॅडजस्ट’ ठेवला की काम पुढे सरकतं, पण आपण काय गृहीत धरलं ते प्रबंधात लिहायला हवं. सोबतची उदाहरणं कॅलिफोर्नियातल्या शाळांची आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ती फार परकी वाटतात, म्हणून मी महाराष्ट्राच्या आकड्यांवर टिपणं करून देते. देशभराची पूर्ण फाइल साध्या लॅपटॉपला जड जाते. लागतील तेवढेच रकाने वाचून घ्यावेत.

पाचपैकी साडेचार. डीप्लायरची (आरमधलं आकडे चाळण्या-लावण्याचं पॅकेज) सवय असलेल्यांनी जोडीला ‘एसआरव्हीवायआर’ घ्यावं. आतलं गणित ‘सर्व्हे’चंच आहे, लिहायला सुटसुटीत.