ब्रोकोलीसाठी क्रॉप कव्हर: १७ की ३० जीएसएम?
क्रॉप कव्हर म्हणजे पिकावर पांघरायचं हलकं कापड; जीएसएम म्हणजे त्याचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. १७ जीएसएमचं कापड थंडीपासून जेमतेम दोनेक अंशांचा बचाव करतं. ब्रोकोली लवकर लावायची तर ३० जीएसएमच घ्या. शेवटच्या गोठणाऱ्या दंवाच्या सरासरी तारखेआधी २-३ आठवडे, ४-५ पानांची रोपं लावा आणि कापड तारेच्या कमानींवर ताणा. पानांना टेकलं तर नेमकी तिथेच पानं करपतात. कडा मातीने दाबा, नाहीतर रात्री ऊब निसटते. दिवसा ऊन तापलं की कापड उघडाच. २५ अंशांपुढे गड्डा सैल सुटतो.

एक मर्यादा मात्र ठळक आहे. पेन्सिलीपेक्षा जाड खोडाची जून रोपं आठवडाभर १० अंशांखाली राहिली, तर बटणाएवढाच गड्डा धरतात. ते कुठलंच कापड थांबवत नाही. रोप कोवळंच लावायला हवं.