मांजर पकडायचा घडीचा पिंजरा: माल बरा, माहितीपत्रक फेकून द्या

चाळीतली भटकी मांजरं पकडून नसबंदीला न्यायची आणि परत आणून सोडायची, यासाठी ऑनलाइन मागवलेला, किंमत अडीच हजारांच्या आत. लांबी ३० इंच, रुंदी-उंची फूटभर. घडी केली की कॉटखाली सरकतो, आणि लालबागला चाळीत राहणाऱ्याच्या लेखी हा गुण काही लहान नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकाच साच्यातला हा माल वेगवेगळ्या नावांनी विकतात. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये फिटर म्हणून झाली, त्यामुळे आधी लोखंडाचं बोलतो, मांजरांचं नंतर.

जाळीचं वेल्डिंग ठीक आहे, कुठे टोक बाहेर आलेलं नाही. मुलामा मात्र पातळ. एका पावसाळ्यात सगळ्या जोडांवर गंज चढला. आत एक पट्टी असते, तिच्यावर पाय पडला की दार सुटतं. ती गंजून अडकली की मांजर आत जातं, पोटभर जेवतं आणि मिशा चाटत बाहेर येतं. आपण जिन्याखाली डास मारत बसलेलो. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब बिजागरीला देत राहायचा, एवढाच उपाय.

स्प्रिंग भलतीच कडक दिलीय. रिकामा पिंजरा लावून दार सोडून पाहिलं, तर वरच्या मजल्यावरून ओरडा आला, "काय पडलं रे?" मांजराची शेपटी मध्ये आली तर हाडच जायचं. नागदेवी स्ट्रीटवरून हलकी स्प्रिंग आणून बसवली आणि दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. आता दार पडतं ते 'थप्' करून. पडलेलं दार अडकवायला खटका नाही, हेही लक्षात ठेवा. तयारीचा बोका पंजाने दार वर ढकलून पसार होतो. खटका मी करून घेतला. मुठीखाली पत्राही लावला, कारण नुसत्या जाळीवर मूठ म्हणजे आतल्या मांजराला तुमची बोटं आयतीच.

मागचं दार नाही. माझ्या मते हा सगळ्यात मोठा दोष. मागून दार असेल तर खाणं मागून ठेवता येतं, दवाखान्यात दुसऱ्या पिंजऱ्याला तोंड लावून मांजर सरकवता येतं, सोडताना हात जवळ न्यावा लागत नाही. हा पिंजरा काढणाऱ्याने मांजर आत कसं जाईल याचा विचार केला, बाहेर कसं येईल याचा नाही.

त्याचं कारण माहितीपत्रकात सापडलं. त्यावर लिहिलंय की प्राणी पकडा, लांब नेऊन सोडा, त्रास कायमचा संपला. झाली यांची सेवा! आमच्या चाळीतही हेच मत होतं. तळमजल्यावरच्या मावशी मला म्हणाल्या, "पिंजरा आणलाच आहात तर काका, एकेक करून भाऊच्या धक्क्यावर सोडून या की. तिथे मासळी मिळेल त्यांना." मावशींच्या पोटात माया आहे, हे मला माहीत आहे. दारात वाटी त्याच ठेवतात. पण धक्क्यावर आधीचे बोके आहेत, ते नव्याला फाडून काढतात. शिवाय इकडे मच्छीबाजार तोच, कचऱ्याचा डबा तोच, मावशींची वाटी तीच. जागा रिकामी झाली की महिन्याभरात पलीकडच्या गल्लीतली येऊन बसणार. कुत्र्यांच्या बाबतीत तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतच आहे की नसबंदी आणि रेबीजची लस झाली की जिथून उचललं तिथेच सोडायचं. मांजराचं गणित वेगळं नाही.

आणि ही मांजरं काही जंगलातून चालत आलेली नाहीत. कोणाच्या तरी आजीने उंदरांसाठी आणली, कोणी खोली विकून विरारला जाताना मागे ठेवली, बाकीची इथेच जिन्याखाली झाली. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की पहिल्यांदा गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं, ती दूध पीत असतानाच पुन्हा गाभण. त्यातली निम्मी तरी पार्वोच्या रोगाने नाहीतर टेम्पोखाली जातात. आपण सकाळी दूध घालायचं आणि दुपारी पिल्लू गटाराशी पडलेलं दिसलं की "अरेरे" म्हणायचं, हे मला झेपेना. (दूधही घालू नका. मोठ्या मांजराला बहुधा ते पचत नाही, हगवण लागते. पाणी ठेवा.)

म्हणून हा पिंजरा. आता वापरायचा कसा ते, कारण पत्रकात ते नाहीच.

पहिले काही दिवस दार तारेने उघडं बांधून ठेवा आणि खाणं रोज थोडं थोडं आत सरकवत न्या. घाई करायची नाही. आमिष म्हणून सुके बोंबील, तव्यावर नुसते शेकलेले. त्यांचा वास तीन जिने चढतो. जून-जुलै बरा काळ: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, बाजारात ताजी मासळी कमी, मांजरं भुकेली. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र घाला, पंजाला जाळी टोचली की मांजर मागे फिरतं.

ठमी नावाची आमची तिरंगी मांजर सगळ्यांत संशयी. ती मान आत घालायची, अंग लांब करत करत बोंबलाचं टोक गाठायची, पण मागचे दोन्ही पाय उंबऱ्याबाहेर रोवलेले. पट्टी तिच्या पोटाखाली, पाय काही पडत नाही. शेवटी आमिष पट्टीच्या पलीकडे, अगदी मागच्या जाळीला बांधलं. तिने एक पाय उचलला, हवेत धरला, पुन्हा ठेवला. मग दुसरा उचलला. दार पडल्यावर तिने जी उसळी घेतली, ती पाहून कोणाचाही जीव कळवळेल. नाक जाळीवर आपटून सोलवटतं. त्यासाठी जुनी चादर हाताशी हवीच. चारी बाजूंनी अंधार केला की मिनिटाभरात मांजर गप्प बसतं. पत्रकात चादरीचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते पिंजऱ्याइतकीच ती गरजेची.

एकदा घूस सापडली, ती दातांनी जाळी वाकवून गेली. शिवाय नसबंदी झालेला एक बोका आता बोंबलासाठी स्वतःहून आत जाऊन बसतो आणि दार पडलं तरी जेवण थांबवत नाही. डाव्या कानाचं टोक कापलेलं दिसलं की ओळखायचं, याचं झालंय, सोडून द्या. ते टोक भूल दिलेली असतानाच काढतात, उगाच हळहळू नका.

शस्त्रक्रियेची वेळ पिंजरा लावण्याआधी ठरवा. आमच्याकडे लोकांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल आधी आठवतं, पण कुठेही न्या, आधी विचारून न्या. रात्री पकडलं तर सकाळपर्यंत खायला द्यायचं नाही, भुलीला पोट रिकामं लागतं. परत आणल्यावर मादीला काही दिवस आत ठेवावं लागतं. आम्ही वापरात नसलेल्या मोरीत ठेवतो. मावशी आता तिथे पहारा देतात आणि धक्क्याचं नाव काढणाऱ्याला झापतात.

पकडताना ओरखडा किंवा चावा बसला तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात जा, लस तिथे फुकट मिळते. मांजरापासूनही रेबीज होतो, आणि लक्षणं दिसल्यावर त्यावर इलाज नाही.

पाचापैकी तीन तारे. लोखंडाला चार दिले असते, पत्रकाने एक घालवला. स्प्रिंग बदलायची तयारी नसेल तर मागच्या दाराचा, थोडा महाग पिंजरा घ्या. चार बिऱ्हाडांत वर्गणी काढली की जड जात नाही, गणपतीला काढतोच की. कुत्र्यांसाठी मात्र हा घेऊ नका, त्यांना पकडणं शिकलेल्या माणसांचं काम.

लालबाग-परळच्या कोणाला हवा असेल तर माझा पिंजरा उसना देतो. अट एकच: दवाखान्याची वेळ घेतल्याचं दाखवायचं. आणि परत देताना फिनाईलने धुऊ नका, मांजराला ते विष आहे. साबणाच्या पाण्याने घासून उन्हात वाळवा, बिजागरीला तेल मी घालतो.